सुकेल वावराची पाळी

इंजिनचाचा आधी गाडीच्या धुराकडे बघत आणि मग गाडीवरून उतरलेल्या माणसाकडे. फैजपूरजवळच्या केळीच्या पॅकहाऊसवर मी कामाला लागलो त्या दिवशी जळगावहून माझ्या जुन्या स्कूटरवर गेलो होतो. फाटकाशी लुंगी आणि खाकी शर्ट घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. मी नमस्कार केला. त्यांचं लक्ष स्कूटरच्या मागच्या बाजूला होतं. म्हणाले, "निळा धूर शे, भो. रिंगा गयात. तेल पी राह्यनी. महिनाभर चाली." स्कूटर चौतीस दिवस चालली. मी मोजले म्हणून सांगतो. त्यानंतर मी जळगावातल्या पिंप्राळ्यातून रिक्षा आणि पुढे एसटी असं अप-डाऊन सुरू केलं.

काळा धूर दिसला की इंजिनाला हवा कमी पडते आहे, पांढरा दिसला की पाणी शिरलं आहे किंवा नोझल बिघडलं आहे, आणि निळा दिसला की इंजिन स्वतःचं तेल जाळतं आहे. एवढं आता मलाही येतं. पण चाचांना त्याच्या पुढचं येत असे. ट्रक वळणावर दिसायच्या आत ते सांगत की ड्रायव्हर नवा आहे. विचारलं तर म्हणत, "चढ नही, तरी काळा टाकी राह्यना. पाय दाबी ठेयेल शे." पॅकहाऊसमध्ये फण्या धुणाऱ्या बायकांची मुकादम सुमनअक्का त्यांची चेष्टा करायची. "चाचा, तुम्ही धूर पाहून राह्यले की पोरीचं स्थळ?" चाचा गंभीरपणे म्हणत, "दोन्ही एकच शे, अक्का. गरम व्हवा बिगर समजत नही."

चाचा मूळचे धुळ्याकडचे. लग्न होऊन फैजपूरला आले आणि सासऱ्याच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात बसले. चाळीस वर्षं तिथे काढूनही त्यांनी अहिराणी सोडली नाही. घरात हिंदी, मशिदीत उर्दू, इंजिनाशी मात्र अहिराणी. विहिरींवरची डिझेल इंजिनं गेली आणि विजेच्या मोटारी आल्या तेव्हा दुकान बंद झालं. शेतकरी गटाने पॅकहाऊस काढल्यावर गटाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आबांनी, चाचांना जनरेटरवर ठेवून घेतलं. वीज गेली की पाच मिनिटांच्या आत जनरेटर सुरू झाला पाहिजे, नाहीतर शीतगृहातली केळी पिकायला लागतात. पिकायला लागलेली केळी जहाजात चढत नाहीत. चाचांचं काम ते एवढंच आणि त्यांची रोजी त्या एका इंजिनावर.

माझं काम नोंदी ठेवणं. किती घड आले, किती फण्या बाद झाल्या, किती खोकी भरली, टाकीत किती डिझेल गेलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ टाकीत पट्टी बुडवून मोजत असे. ओल्या पट्टीवरचा आकडा उन्हाकडे धरून वाचताना पाहून चाचांनी माझं नाव लिटरभाऊ ठेवलं. आठवड्याभरात ते सगळ्या पॅकहाऊसचं झालं. माझ्या बायकोचा फोन आला तरी सुमनअक्का ओरडायची, "लिटरभाऊ, घरून फोन!"

चाचांची एक जुनी गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. मी ती पाहिलेली नाही. ऐकलेली आहे, पण चार वेगवेगळ्या माणसांकडून सारखीच ऐकली म्हणून खरी धरतो. ठिबक यायच्या आधी सहा शेतकऱ्यांमध्ये एक विहीर आणि एक डिझेल इंजिन होतं. पाण्याची पाळी लावण्यावरून दर उन्हाळ्यात भांडणं होत. शेवटी सहाही जणांनी ते काम चाचांवर सोपवलं, कारण चाचांना शेत नव्हतं. चाचांनी दोन नियम घातले. सुकेल वावर पहिलं, म्हणजे ज्याची जमीन सुकली आहे त्याला आधी पाणी. आणि ज्याचं वावर आधीच ओलं आहे त्याने त्या पाळीचं डिझेल आणायचं.

यावर सगळ्यात मोठा बागायतदार, म्हणजे आमच्या आबांचा थोरला भाऊ, भडकला. तो म्हणाला, "इंजिन माझ्या बापाने आणलं. पहिली पाळी माझी." चाचा इंजिनाचं चाक पुसत होते. वर न बघता म्हणाले, "तुना बापनी आनं म्हनीसनच तुनं वावर ओलं शे ना, भो. मंग घाई कसानी?"

पण लहान शेतकऱ्यालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. पाळी द्यायच्या आधी ते त्याच्या शेतापर्यंत चालत जात आणि पाणी वाहून नेणारा मातीचा दांड पाहत. दांड कुठे फुटलेला असला, पाणी वाटेत वाया जाणार असलं, तर इंजिन सुरू करत नसत. "पहिले दांड बांध. सुकेल शे म्हनीसन सांडी देशी का?" असं म्हणून तिथेच उभे राहत. माणूस चिडून फावडं हातात घेई. दांड बांधून झाला की चाचा परत येऊन हँडल मारत. गावात म्हणतात, त्या विहिरीवर पुढे भांडण झालं नाही. मी "कमी झालं" असं लिहितो.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या केळीला युरोपातली एक खरेदीदार कंपनी मिळाली. आखाती देशांत माल जातच होता, पण हा भाव बरा होता आणि वर्षभराची हमी होती. त्यांचा एक फॉर्म आला. केळीचं एक खोकं तयार करायला किती डिझेल जळतं ते त्यात लिहायचं होतं. जग तापतं आहे, तेव्हा माल घेणाऱ्यानेही त्याचा धूर मोजायचा, असा त्यांच्याकडे कायदा होऊ घातला होता. खोक्यामागे चाळीस मिलिलिटरच्या आत आकडा असला तर जनरेटर ठेवता येणार होता. वर गेला तर जनरेटर काढायचा आणि सौर पॅनल नि बॅटऱ्या आपल्या खर्चाने बसवायच्या, नाहीतर करार नाही.

मी वर्षाचा हिशोब केला. टाकीत गेलेलं डिझेल दोन हजार आठशे साठ लिटर. खोकी बावन्न हजार. खोक्यामागे पंचावन्न मिलिलिटर. तीनदा केला, तीनदा तेच आलं.

ऑफिसात आबा, चाचा आणि मी होतो. आबांनी आकडा पाहिला आणि दार लोटून घेतलं. "अरे भो, हजारेक लिटर कमी लिही ना. तिकडून कोण पट्टी बुडवायला येऊन राह्यलं?"

मी म्हणालो, "आबा, मी लिहिणार नाही."

"मग चाचाला घरी बसव. तूच सांग त्याला."

मी चाचांकडे पाहिलं. इंजिन गेलं की त्यांचं काम गेलं, हे तिघांनाही माहीत होतं. चाचांना मात्र वेगळाच राग आला होता. त्यांच्या इंजिनावर कोणी खोटा आळ घेतल्यासारखे ते उठून उभे राहिले. "पंचावन? येवढं तर हाई पेत नही! लिटरभाऊ, तुन्हं गणित चुकनं."

माझं गणित चुकलं असं मला कोणी सहसा म्हणत नाही. मला राग आला. मी वही पुढे केली. चाचांनी वहीकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सुमनअक्कानी पोर. दोन दिन. डीजे व्हता, काळा धूर. मंग उरूस. मंग देऊळना सप्ता, सात दिन..."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या पॅकहाऊसचा जनरेटर चाकांवरचा होता. सुट्टीच्या दिवशी गावात कोणाकडे लग्न असो, दिवसकार्य असो, उरूस असो, सप्ताह असो, जनरेटर तिकडे जाई. त्याबद्दल कोणी काही मागत नसे आणि कोणी काही देत नसे. एकच रीत होती. परत आणताना टाकी भरून आणायची. मी काय करत होतो, तर टाकीत पडलेला प्रत्येक लिटर इमानदारीने केळीच्या नावावर लिहीत होतो. लग्नाच्या वरातीतलं डिझेल, सप्ताहाच्या दिव्यांचं डिझेल, सगळं मी युरोपला कळवायला निघालो होतो.

दोन दुपारी आम्ही बसलो. चाचा सांगत, मी लिहीत असे, आणि मग ज्याच्या घरचं कार्य त्याला विचारून खात्री करत असे. वर्षाची वीस कार्यं निघाली. चाचांची एकही चुकली नाही. फक्त एका साखरपुड्याचा दिवस त्यांनी मंगळवार सांगितला, तो बुधवार निघाला. बाहेर जळालेलं डिझेल अकराशे चाळीस लिटर. राहिलं सतराशे वीस. खोक्यामागे तेहतीस मिलिलिटर. जनरेटर वाचला, चाचा वाचले. आबांनी सगळ्यांना शेव-बुंदी आणि चहा दिला. सुमनअक्का म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नाचा धूर विलायतेत जाता जाता राहिला की हो!"

पण हिशोबातून वीस कार्यं वजा केलेली पाहून कंपनीने माणूस पाठवायचं ठरवलं. एक पन्नाशीच्या बाई आल्या, सोबत पुण्याचा एक तरुण दुभाषा. बाई शांत होत्या. तुरटीच्या पाण्याच्या हौदापाशी उभ्या राहून त्यांनी बायकांचे हात पाहिले, किती तास उभं राहावं लागतं ते विचारलं. मी वीस कार्यांची यादी दाखवली. ती वाचताना त्या हसल्या आणि त्यांनी खालच्या बाजूला सही केली. मग जनरेटरपाशी आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे यंत्र अजून किती वर्षं चालेल?"

"दहा वर्षं!" आबा म्हणाले. "चाचांच्या हातात आहे. काय चाचा?"

जनरेटर चालूच होता. चाचांनी त्याच्या धुराच्या नळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "निळा धूर शे. दोन साल व्हई ग्यात. मी सांगं नही."

दुभाष्याला अहिराणी कळेना. मी अहिराणीचं मराठी केलं आणि त्याने मराठीचं इंग्रजी. असं बोलणं फार हळू चालतं, त्यामुळे आबांचं तोंड पडायलाही वेळ मिळाला. माझ्या एकदम लक्षात आलं की त्या निळ्या धुराखाली सुमनअक्का नि तिच्या बायका दोन वर्षं फण्या धुवत होत्या, आणि मी डिझेल मोजत होतो पण वर पाहत नव्हतो.

बाई म्हणाल्या, मग एक वर्षात डिझेल बंद करा. आबा उसळले. "यांना सांग, शंभर वर्षं तुम्ही कोळसा जाळला, कारखाने काढले, मोठे झाले. आता आमची वेळ आली तर धूर मोजून राह्यले? आम्हीही शंभर वर्षं जाळू, मग बघू."

दुभाषा हे इंग्रजीत कसं मांडावं या विचारात होता. तेवढ्यात चाचा आबांना म्हणाले, "आबा, पाळी मांग. पन आपला दांड फुटेल शे, त्ये बी सांग." आणि बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुमना घर लाइट कवयपासून शे?"

प्रश्न दोन भाषांतून तिकडे गेला आणि उत्तर दोन भाषांतून परत आलं. बाईंच्या आजीच्या आईच्या घरी वीज होती.

चाचा म्हणाले, "मना घर मना लगिनना नंतर उनी. आज बी जास-येस." मग त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. सहा शेतकरी, एक इंजिन, दोन नियम आणि फुटका दांड. मी शक्य तितकं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. शेवटी चाचांनी हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. विहिरीवर सांगत असतील तसंच सांगितलं. "आम्ही दांड बांधतस. हाई इंजिन बंद करतस. पन तुमनं वावर ओलं शे, बाई, आमनं सुकेल. पाळी आमनी, डिझेल तुमनं."

बाईंनी वही काढली. दुभाष्याला त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी चाचा मला नेहमीसारखे स्टँडवर सोडायला आले. रोज यायचे. पण मला सोडायला यायचे असं म्हणणं चूक ठरेल. ते बसच्या मागे उभे राहायचे. बस निघाली की धूर वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायचे. इतक्या वर्षांत त्यांनी मला हात केल्याचं आठवत नाही. त्या दिवशी बसला वेळ होता. मी विचारलं, "चाचा, आकडा तर आत बसला होता. का सांगितलं?"

ते बसच्या मागच्या बाजूला बघत म्हणाले, "बठ्ठासना धूर सांगस मी. मना इंजिननाच लपाडा. झोप लागे नही असं नही, भो. चांगली झोप लागे. त्येनीच लाज वाटे."

तीन महिन्यांनी पत्र आलं. कंपनी बॅटऱ्या देणार होती. छत पक्कं करणं आणि पॅनल बसवणं आमच्याकडे. मुदत एक वर्षाऐवजी दोन. आबांच्या मते आपण फसलो, सगळंच मागायला हवं होतं. माझ्या मते अर्ध्याहून थोडं अधिक मिळालं. चाचांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "एक पाळी भेटनी. विहीर थोडी भेटस?"

जनरेटरचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. बॅटऱ्या भिंतीला बसवलेल्या, त्या वरातीत नेता येत नाहीत. चाचांनी स्वतः इंजिन उघडून नव्या रिंगा घातल्या आणि ते गावाच्या कार्यांसाठी ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली ठेवलं. सुरू करून सगळ्यांना धूर दाखवला. अगदी फिकट, असून नसल्यासारखा. त्याच्या डिझेलची वेगळी वही मी घातली. पहिल्या पानावर "गावाचा धूर" असं लिहिलं. ती अजून चालू आहे आणि दर वर्षी थोडी कमी भरते, कारण आता गावातली वीज पूर्वीइतकी जात नाही.

पॅनल आल्यावर आबांनी चाचांना सोडलं नाही. पॅनल धुवायचं काम दिलं. सदुसष्टाव्या वर्षी चाचा सकाळी सकाळी बादली आणि फडकं घेऊन छतावर जात. पण त्यांचं मन रमेना. एकदा मी वर गेलो तर ते काचेकडे टक लावून बसले होते. म्हणाले, "याले धूरच नही, लिटरभाऊ. याले काय दुखस, कसं समजी?" सहा महिन्यांनी त्यांनी काम सोडलं आणि ते धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना सुमनअक्काने केळीचे वेफर्स बांधून दिले आणि म्हणाली, "चाचा, जावयाच्या गाडीचा धूर पाहून घ्या बरं." चाचा म्हणाले, "लगिनना पहिलेच पाहेल शे."

आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आता एक नियम आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच चार्जर लागतो. ज्याचा फोन बंद पडला त्याची पहिली पाळी. ज्याचा भरलेला आहे त्याने उठून वायर लावून द्यायची. आणि रात्रभर खेळून कोणी फोन संपवला असेल तर त्याला आधी त्याचा जाब द्यावा लागतो. मुलांना हे माझं डोकं वाटतं. मी दर वेळी सांगतो की हे फैजपूरच्या एका विहिरीवरचं आहे.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याला गेलो होतो. चाचा थकले आहेत, पण बरे आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसतात, रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर वाचतात. नातवंडं भोवती जमली की तीही कोणत्या धुराचं काय दुखणं ते शिकून घेतात. मी सांगितलं की पॅकहाऊसचा आकडा खोक्यामागे दोन मिलिलिटरवर आला आहे. त्यांनी विचारलं, "दोन कसाना?" मी म्हणालो, ढगाळ दिवसांत भाड्याने आणलेल्या जनरेटरचे. ते म्हणाले, "त्याना धूर पाहा का?" मी पाहिला होता. सांगितलं, "पांढरा. नोझल." त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं बरोबर काढली, पण मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

परत निघालो तेव्हा नको म्हणत असताना ते स्टँडवर आलेच. जळगावची गाडी लागली होती, नवीन, विजेवरची. मी खिडकीपाशी बसलो. चाचा सवयीने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. गाडी सुटली, आवाजही फारसा झाला नाही. मी मागे वळून पाहिलं. ते खाली, नळी असते त्या जागेकडे बघत होते. तिथे वाचायला काही नव्हतं. मग त्यांनी मान वर केली, खिडक्यांवरून नजर फिरवत मला शोधलं आणि हात उंच करून हलवला.